गळ्यातल्या दोरीवरचा पर्यायी रेग्युलेटर: तुमच्या तीन आक्षेपांना उत्तर

स्कूबा डायव्हिंगमध्ये टाकीतली हवा श्वासाला पुरवणारे, तोंडात धरायचे साधन म्हणजे रेग्युलेटर. मुख्य रेग्युलेटरखेरीज असलेला पर्यायी रेग्युलेटर दोरीने गळ्यात लटकवण्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: पाण्याखाली गळ्यात दोरी म्हणजे फास; छातीवर अडकवलेला पिवळा ऑक्टोपस (दुसऱ्याला द्यायचा जादा रेग्युलेटर) हवा संपलेल्या माणसाला चटकन दिसतो, हनुवटीखालचा काळा रेग्युलेटर दिसत नाही; आणि माउथपीसला (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा मऊ तुकडा) दोरी बांधली की ऐन वेळी माउथपीसच उपटून येतो. पहिला मला पटत नाही, दुसरा अर्धा पटतो आणि तिसरा पूर्ण पटतो. म्हणून तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो.

माउथपीस निघतो तो बहुतेक वेळा दोरी चुकीच्या जागी बसवल्यामुळे. माउथपीसच्या मागच्या कडेला झिप टायसाठी (आवळून बसवायची प्लॅस्टिकची पट्टी) एक खाच असते. काही जण त्या खाचेत टायच्या खाली दोरी दाबतात, काही जण टाय काढून फक्त दोरीवर भरवसा ठेवतात. लवचीक दोरी दबते, त्यामुळे टाय कधीच नीट आवळला जात नाही. मग रेग्युलेटर मागे होजला (हवेच्या नळीला) लोंबतो, माउथपीस गळ्यातच राहतो, आणि तो तोंडात घेतला की पहिल्याच श्वासाला पाणी आत येते.

दोरीची जागा खाचेच्या पुढे, टाय आणि चावायच्या पाकळ्या यांच्या मधल्या, माउथपीसच्याच मानेवर. ५ किंवा ६ मिमी जाडीची लवचीक दोरी सुमारे ७० सेंमी घ्या आणि दोन्ही टोके ज्योतीवर वितळवून बंद करा. प्रत्येक टोक दुमडून दुहेरी दोरीची साधी गाठ मारा, म्हणजे छोटा पक्का फासा तयार होईल. तो इतका लहान हवा की माउथपीसवर ताणूनच चढवावा लागेल. सरकगाठ मारू नका. ती प्रत्येक ओढीबरोबर आवळत जाते आणि मऊ सिलिकॉनची मान चेपते. जुना टाय कापून माउथपीस काढा, दोन्ही फासे मागच्या बाजूने चढवून खाचेच्या पुढे सरकवा, माउथपीस रेग्युलेटरवर पूर्ण आत बसवा आणि नवा टाय खाचेत घालून पक्कडीने आवळा. टायचे डोके बाजूला ठेवा, खाली नको, नाहीतर हनुवटीला घासते. उरलेले शेपूट डोक्याला अगदी लागून कापा. तिरपा कापलेला टाय ओठ आणि हातमोजा दोन्ही फाडतो.

मग दोन चाचण्या. एका हाताने रेग्युलेटरचे घर आणि दुसऱ्याने दोरी धरून जोरात ओढा. माउथपीस तसूभरही हलता कामा नये. नंतर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून, पर्ज (रेग्युलेटरवरचे हवा सोडायचे बटण) दाबून होजमधली हवा सोडा आणि माउथपीसमधून ओढून पाहा. जरा जरी हवा आत आली तर कुठेतरी गळती आहे, आणि सर्वात आधी संशय टायखाली फाटलेल्या माउथपीसवर घ्यावा. ही तपासणी फक्त नवीन दोरी घातल्यावरच नाही, दर वेळी करा.

आता पिवळ्या रंगाचा मुद्दा. गळ्यातला रेग्युलेटर दुसऱ्याला द्यायचा नसतोच; तो तुमचा. द्यायचा तो तोंडातला, कारण तो चालू आहे हे त्या क्षणी नक्की माहीत असते, आणि घाबरलेला माणूस पुष्कळदा तिकडेच हात घालतो. पण यासाठी मुख्य होज लांब हवा: २.१ मीटर, किंवा एका टाकीवर निदान १ मीटर, उजव्या काखेखालून आणून; १ मीटरच्या होजला तोंडाजवळ फिरत्या कोनाचा जोड हवा. पर्यायी रेग्युलेटरचा होज मात्र ५५ ते ६० सेंमी पुरे, उजव्या खांद्यावरून. ऑक्टोपसचा नेहमीचा मीटरभर होज तिथे लावला तर कानाजवळ मोठे वेटोळे उभे राहते आणि कशात तरी अडकते. तुमचा मुख्य होज नेहमीचा ७० ते ७५ सेंमीचा असेल आणि बडीला (जोडीच्या डायव्हरला) ऑक्टोपस द्यायची सवय असेल, तर दोरीच्या भानगडीत पडू नका. छातीवरचा पिवळाच बरा. म्हणून म्हटले, अर्धा मुद्दा बरोबर. कोणता रेग्युलेटर द्यायचा हे उतरण्यापूर्वी बडीला दाखवणे दोन्ही पद्धतींत सक्तीचे समजा.

घालण्याचा क्रमही महत्त्वाचा: आधी दोरी गळ्यात, मग लांब होज तिच्यावरून. उलट झाले की द्यायच्या वेळी होज दोरीखाली अडकतो आणि तुमचीच मान खेचली जाते. फास लागलाच तर तो इथे. पाण्यात शिरताच होज एकदा पूर्ण लांबवून पाहिला की ही चूक लगेच उघडी पडते.

दोरीच्या लांबीची कसोटी सोपी आहे. मान खाली घातली की हात न लावता माउथपीस तोंडात यावा, आणि हूड-मास्क चढवलेले असताना एका हाताने दोरी डोक्यावरून काढता यावी. दोन्ही एकदम जमले पाहिजे. माप उघड्या मानेवर घेऊ नका, जाड सूट घालूनच घ्या. आखूड दोरी मानेच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर दाब देते, त्याने गरगरू शकते. सैल दोरीवर रेग्युलेटर पोटाकडे घरंगळतो आणि मग शोधत बसावे लागते. झटक्याने सुटणारी सिलिकॉनची तयार पट्टी तुमच्या फासाच्या भीतीवर उत्तर आहे खरे, पण ती नको तेव्हाही सुटते. मी दोरीच वापरायला सांगेन.

एक अडचण तुम्ही विचारली नाहीत, पण ती येणार. या रचनेत माउथपीस वरच्या बाजूला असतो, म्हणजे पाण्यात उभे असताना डायाफ्राम (रेग्युलेटरमधला, दाबाने झडप उघडणारा पडदा) त्याच्यापेक्षा खोल, आणि त्याच्यावर पाण्याचा दाब जास्त. झडप उघडते आणि उडी मारताच हनुवटीखाली हवेचा फवारा सुरू होतो. व्हेंचुरीचा (हवेचा झोत कमी-जास्त करणारा) खटका उणे खुणेवर ठेवा, श्वासाचा ताण बदलणारे बटण असेल तर ते पूर्ण आत फिरवा. तरी सुरू झालाच तर माउथपीसचे तोंड खाली वळवा, थांबतो. वारंवार होत असेल तर रेग्युलेटर सर्व्हिसिंगला देऊन श्वास ओढायला किंचित जड करून घ्या.