आपल्याला कोण हॅक करतंय!

दुकान बंद करताना तुम्ही शटर ओढता, वाकून दोन्ही बाजूंची कुलपं लावता, ती हिसडून बघता, चार पावलं जाऊन परत फिरता आणि पुन्हा एकदा हिसडता. योग्यच आहे. आत माल असतो. वेबसाइटमध्ये काय असतं? चार फोटो, एक फोन नंबर आणि गेल्या सहा वर्षांत ज्यांनी ज्यांनी ऑर्डर दिली त्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, मोबाइल. म्हणजे काहीच नाही. तेव्हा तिच्या सुरक्षेपायी डोकं शिणवू नका. मी पंधरा वर्षं लोकांच्या वेबसाइट दुरुस्त करतोय. माझं घर तुमच्या बेफिकिरीवर चालतं, त्यामुळे पुढचे सल्ले अगदी मनापासून आहेत.

सुरुवात मंत्राने करा. ‘आपल्याला कोण हॅक करतंय!’ दिवसातून एकदा तरी म्हणा, आणि कोणी बॅकअपचा विषय काढला की लगेच म्हणा. हॅकर ही मोठी माणसं. ती बँका बघणार, सरकारं बघणार, तुमचं लोणच्या-पापडाचं पान कशाला बघतील? यावर काही शंकेखोर सांगतात, की दारावर येणारा माणूस नसतोच, प्रोग्राम असतो. तो पाटी न वाचता गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी वाजवत जातो. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या एकट्या प्रोग्रामवर चालतात, म्हणजे एक किल्ली जमली की लाखो दारं. हेही खरं, की नवी वेबसाइट सुरू झाली की तुमच्या मेव्हण्याच्या आधी असा बॉट येऊन जातो. पण निदान कोणी तरी आलं ना? ‘व्हिजिटर वाढले’ म्हणून आनंद माना.

पासवर्ड घरातल्या सगळ्यांना पाठ असेल असा ठेवा. दुकानाचं नाव, मग ते गोल ‘ॲट’ आणि १२३. पहिलं अक्षर कॅपिटल केलंत तर अतिसुरक्षित. हाच पासवर्ड होस्टिंगला (वेबसाइट जिथे भाड्याने ठेवता ते खातं), ईमेलला, इन्स्टाग्रामला आणि नेटबँकिंगला लावा, नाही तर लक्षात कुठलं काय ठेवणार? युजरनेम ‘ॲडमिन’च असू द्या. बदललं तर चोराला निम्मी मेहनत जास्त पडते, आणि कोणाची मेहनत वाया घालवू नये. शेवटी हा पासवर्ड ‘वेबसाइट ऑफिशियल’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून पिन करा. त्या ग्रुपवर २०१९ साली दिवाळीची जाहिरात करून गेलेला डीटीपीवाला आहे, पैशांवरून भांडून गेलेला जुना डिझायनर आहे, आणि एक नंबर कोणाचा आहे हे आता कोणालाच आठवत नाही. कुणालाही काढू नका, वाईट दिसतं.

लॉगिन करताना मोबाइलवर येणाऱ्या कोडची भानगड, ते टू-स्टेप का काय, लावूच नका. घाईच्या वेळी अडकायला होतं. चोरालाही होतं म्हणतात, पण त्याला कुठे घाई असते?

वेबसाइटच्या आतल्या पानावर वर कोपऱ्यात लाल गोलात आकडा दिसतो, बघा. आज १७ असेल. ही अपडेटची थकबाकी आहे असं कोणी म्हटलं तरी तुम्ही ती ठेव समजा आणि वाढू द्या. ‘अपडेट केलं की बिघडतं’ हे तर तुम्ही अनुभवाने जाणताच, कारण मागच्या वेळी एकदम एकतीस अपडेट दाबली होतीत आणि बॅकअप घेतला नव्हता. सुरक्षेतलं भोक बुजवणारं अपडेट निघालं, की भोक नेमकं कुठे होतं तेही चारचौघांत जाहीर होतं. ज्यांनी बुजवलं नाही त्यांच्याकडे पाहुणे मग लगेच निघतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरची कॉम्प्युटरं बंद पाडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच देऊन ठेवली होती. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांनासुद्धा ती बसवायला सवड झाली नाही. तुमच्याकडे तर लग्नसराई होती.

थीम (वेबसाइटचा तयार साज) आणि प्लगिन (तिला जोडायचे छोटे प्रोग्राम) विकत घेण्याचा मूर्खपणा करू नका. साठ डॉलरची थीम टेलिग्रामवर फुकट मिळते, त्याला ‘नल्ड’ म्हणतात. कुणीतरी परदेशातला सज्जन रात्र जागून तिचं लायसन्स तोडतो आणि तुम्हाला फुकट वाटतो, बदल्यात काही मागत नाही. फार तर functions नावाच्या फाइलमध्ये चार ओळी आपल्या ठेवतो आणि यादीत न दिसणारा एक ॲडमिन बसवतो. एवढं तर भाडेकरूही करतो.

पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चित्र दिसतंय ना? मग झालं तर. ते कुलूप म्हणजे गिऱ्हाइकापासून तुमच्यापर्यंतचा रस्ता झाकलेला आहे, एवढंच. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था या कुलपाचं प्रमाणपत्र फुकट देते आणि चोरांच्या वेबसाइटलाही तितक्याच आनंदाने देते. पण हे गिऱ्हाइकाला कुठे माहीत असतं.

आता एक यशोगाथा सांगतो. देवगडकडचे एक बागायतदार, काकाच म्हणूया. हापूसच्या पेट्या वेबसाइटवरून थेट मुंबई-पुण्याला धाडतात. वेबसाइट २०१८ मध्ये भाच्याने करून दिली. भाचा पुढे कॅनडाला गेला, वेबसाइट इथेच राहिली. काकांनी वरचे सगळे नियम काटेकोर पाळले होते. मागच्या वर्षी मार्चअखेर, म्हणजे पेट्या सुरू होताहोताच, ऑर्डरी आटल्या. काकांना वाटलं यंदा मोहोर उशिरा म्हणून लोक थांबलेत. शेवटी दादरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन केला, ‘अहो, तुमच्या बागेचं नाव गूगलवर टाकलं की जपानी काहीतरी येतंय. बूट दिसतायत.’

काकांनी वेबसाइट उघडली. आंबे होते. मला फोन केला, ‘अरे, माझ्याकडे तर बरोबर दिसता!’

हे वाक्य आमच्या धंद्यात आम्ही आठवड्यातून दोनदा ऐकतो. या उद्योगाची कारागिरीच ती आहे. तुम्ही पत्ता टाइप करून गेलात की आंबे दिसतात. गूगलचा बॉट आला की त्याच पानावर जपानी अक्षरांत नकली बुटांचं आणि पर्सचं दुकान उघडतं. गूगलमधून कोणी माणूस आला तर त्याला उचलून भलत्याच दुकानात नेऊन सोडतात. मालकाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही, कारण मालक आपल्याच दुकानाचं नाव गूगलवर कशाला शोधेल? मी साइट, कोलन आणि पुढे त्यांचा पत्ता असं टाकून गूगलला विचारलं. काकांची सात पानांची वेबसाइट, गूगलने हजारो पानं दाखवली. आंब्यांची सात, बाकी बुटांची.

सर्च कन्सोल, म्हणजे वेबसाइटच्या मालकासाठीचं गूगलचं खातं, उघडलं. तिथे मालकांच्या यादीत काकांच्या भाच्याबरोबर आणखी एक ईमेल होता, कोणाचा कोणास ठाऊक. काकांना हे कसं समजवावं? म्हटलं, ‘काका, सातबाऱ्यावर परस्पर नाव चढवलंय.’ इतका वेळ शांत असलेले काका एकदम उठून उभे राहिले. ‘कोणी?’ मग त्यांना वेबसाइट हॅक होणं म्हणजे काय ते कळलं. याआधी मी वीस मिनिटं सर्व्हर, मालवेअर, स्क्रिप्ट असं बरंच बोललो होतो.

‘बॅकअप आहे ना?’ मी विचारलं.

‘आसा मां!’

इथे थोडं थांबून बॅकअप कसा ठेवावा हे सांगायला हवं, कारण त्यात काकांचा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही. बॅकअप वेबसाइटच्याच सर्व्हरवर, वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये ठेवावा. घराची दुसरी किल्ली पायपुसण्याखाली ठेवतात, तसं हाताशी असतं. फाइलचं नाव ‘बॅकअप डॉट झिप’ ठेवा. बॉट हे नाव आवर्जून विचारतात, त्यांची गैरसोय नको. त्या झिपमध्ये डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, म्हणजे ज्याने ती उतरवून घेतली त्याला पुढे काही विचारावं लागत नाही.

तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर ठेवा, त्यातली एक बाहेरगावी ठेवा, असा एक जुना नियम आहे. काकांच्या जमिनीच्या कागदांच्या झेरॉक्स त्यांच्या बहिणीकडे कणकवलीत आहेत, मुलीकडे ठाण्यात आहेत आणि वकिलाकडे आहेत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण जमीन ती जमीन. वेबसाइट काय, ‘क्लाउडवर’ असते. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी कॉम्प्युटर, आणि ते कुठल्या तरी इमारतीत असतं, हे मनात आणू नका. २०२१ च्या १० मार्चला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर मध्यरात्रीनंतर पेटलं आणि जळून गेलं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांची मूळ प्रत आणि नक्कल एकाच रात्री गेली. कंपनीच्या संस्थापकाने ग्राहकांना ‘तुमची आपत्कालीन योजना सुरू करा’ असं ट्विटरवरून कळवलं. पुष्कळांना आपली योजना काय आहे ते तेव्हाच समजलं.

बॅकअप एकदा लावला की पुन्हा उघडून बघू नका. यात तुम्ही थोरामोठ्यांच्या पंगतीत आहात. गिटलॅब या कंपनीत, जिथे जगभरचे प्रोग्रामर आपलं काम ठेवतात, २०१७ च्या ३१ जानेवारीला रात्री दमलेल्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचं फोल्डर उडवलं. तीनशेच्या आसपास जीबी डेटा होता, हात आवरेपर्यंत साडेचार उरला. मग एकेक बॅकअप उघडून बघितला. एक रिकामा, कारण बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता आणि रोज गुपचूप अपयशी होत होता. अपयशाची ईमेल निघत होती, पण वाटेतच नाकारली जात होती. बाकीच्या पद्धतीही अशाच. शेवटी कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी सहज घेऊन ठेवलेली प्रत उपयोगी पडली. त्यांनी हे सगळं जगाला उघड सांगितलं, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. तुम्ही हे असलं काही करू नका. तुम्ही ‘सर्व्हर डाउन होता’ एवढंच म्हणा.

३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन असतो. आपल्याकडे त्या दिवशी मार्चएंड असतो, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

तर काकांचा बॅकअप. फोल्डरमध्ये झिप सापडली, २०१९ ची. उघडली तर उघडली, हेच नवल. त्यात आंबे होते, दर होते, आणि ते दरही २०१९ चे. काका चष्मा लावून दर वाचत बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग होस्टिंगवाल्यांना विचारलं. त्यांच्याकडे शेवटच्या सात दिवसांचे बॅकअप होते. सातही दिवस जपानी. घाण जानेवारीतच शिरली होती, आणि रोज रात्री ती इमाने-इतबारे जतन होत होती.

कायद्याचंही एका वाक्यात उरकतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा २०२२ च्या एप्रिलचा निर्देश म्हणतो, अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवा. आपल्याला कळतच तीन महिन्यांनी, त्यामुळे ६ तास भरपूर होतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लोकांची माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. काकांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी तेवढ्यात किती कलमं येतील याचा हिशेब सुरू केला.

मी म्हटलं, जुनी वेबसाइट टाकून देऊ. नवा सर्व्हर घेऊ, कोरी वेबसाइट लावू, २०१९ च्या झिपमधून फोटो घेऊ, दर नवे लिहू. अक्षय्य तृतीयेला अजून वेळ होता. फक्त डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा, पत्ता नव्या सर्व्हरकडे वळवायचा होता, म्हणजे डोमेनच्या खात्यात शिरायचं होतं. शिरलो. पासवर्ड बागेचं नाव, ॲट, १२३ होताच. मग पडद्यावर आलं: तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसत होते.

काका म्हणाले, हा भाच्याचा जुना नंबर. भाच्याला कॅनडात उठवलं. तिकडे पहाटेचे साडेतीन. ‘मामा, तो नंबर मी इथे आलो तेव्हाच बंद केला.’

बंद पडलेला नंबर मोबाइल कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. लावून बघितला. रिंग गेली. परभणीच्या एका गृहस्थांनी उचलला. मी चाचरत सगळं सांगितलं, भाचा, डोमेन, ओटीपी, आंबे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले,

‘आंब्याचं का ते? हां, येतेत की. दोन वर्षं झाले येतेत. कुणाला लागत असतील म्हणून मी एकबी डिलीट केला नाही बघा, सगळे ठेवलेत. आता आलेला सांगू का पहिल्यापासून सांगू? आन् ते नाव रिन्यू करायचं बी येऊ राहिलंय सारखं, वीस तारीख शेवटची हाय म्हणून. भरले का न्हाई तुम्ही पैसे?’