व्याज भरून स्कोर वाढत नाही

क्रेडिट स्कोर, म्हणजे उधारी कशी फेडता यावरून तुम्हाला मिळणारे गुण, शून्यापासून कसा उभा करायचा, हे सांगणारा एक मेसेज सध्या जो तो पुढे पाठवतोय. शब्द दर वेळी थोडे बदलतात, सल्ले तेच पाच. कार्डाचं बिल पूर्ण भरू नका, थोडी बाकी ठेवा, बँकेला व्याज मिळालं की स्कोर चढतो. सुरुवातीलाच जमतील तेवढ्या कार्डांसाठी अर्ज करा. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट (कर्जं आणि कार्डं यांच्या नोंदींचा अहवाल) सारखा उघडू नका, त्याने स्कोर पडतो. मोठ्या लिमिटचं कार्ड मिळालं की जुनं छोटं बंद करून टाका. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर पैसे घेऊन सहा महिन्यांत उत्तम स्कोर करून देणारी माणसं आहेत.

हा मेसेज सर्वात मन लावून वाचतात ती ज्यांनी अजून एकही हप्ता भरलेला नाही अशी माणसं. सल्ला पारखून घ्यायला हाताशी अनुभव नसतो आणि पहिल्याच वर्षी लागलेली सवय पुढे सुटत नाही. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

सर्वात नुकसान करणारा सल्ला पहिलाच आहे. स्कोर कशावर ठरतो ते आधी पाहू. स्कोरचं सूत्र बनवणाऱ्या अमेरिकेतल्या फायको कंपनीने आपल्या स्कोरमधली ढोबळ वजनं जाहीर केलेली आहेत: पैसे वेळेवर भरले का याला ३५ टक्के, डोक्यावर किती देणं आहे आणि लिमिटपैकी किती वापरली आहे याला ३० टक्के, खाती किती जुनी आहेत याला १५ टक्के, नवीन अर्ज आणि नवीन खाती यांना १० टक्के, कर्जाच्या प्रकारांना १० टक्के. इतर देशांतल्या क्रेडिट ब्युरोंची, म्हणजे लोकांच्या उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांची, सूत्रं वेगळी आहेत, पण वेळेवर परतफेड आणि लिमिटचा वापर या गोष्टी त्यांच्याकडेही महत्त्वाच्याच असतात. या यादीत 'व्याज किती भरलं' असा रकाना नाही. बँकेला तुमच्याकडून किती कमाई झाली, हे स्कोर काढणाऱ्या सूत्राला कळतही नाही.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते दोन वेगळ्या रकमांची गल्लत झाल्यामुळे. महिन्याचं स्टेटमेंट तयार होतं तेव्हा त्यावर एक रक्कम छापली जाते आणि बहुतेक बँका तीच ब्युरोला कळवतात. ती भरायची शेवटची तारीख त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येते. समजा तुम्ही लिमिटच्या ८ टक्के खर्च केला. स्टेटमेंटवर ८ टक्के आले, ब्युरोला ८ टक्के कळले, आणि शेवटच्या तारखेच्या आत तुम्ही सगळी रक्कम चुकती केलीत. कार्ड वापरात असल्याची नोंद झाली, पैसे वेळेवर भरल्याची नोंद झाली, व्याज शून्य. 'थोडी बाकी दिसू द्या' या सांगण्यात जो काही अर्थ आहे, तो इथेच पूर्ण होतो. शेवटच्या तारखेनंतरही बाकी ठेवली तर रिपोर्टमध्ये काहीही जास्तीचं चांगलं लिहिलं जात नाही.

खिशाला मात्र चांगलीच झळ बसते. वर्षाला ३६ टक्के व्याज असलेल्या कार्डावर शंभराची बाकी वर्षभर तशीच ठेवली, तर छत्तीस नुसते व्याजात जातात. शिवाय बाकी राहिली की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदतच संपते. पुढच्या प्रत्येक नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होतं. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम, तेवढीच भरत राहिलात तर हप्ता चुकल्याची नोंद होत नाही हे खरं, पण मूळ रक्कम फारशी हलत नाही, नवा खर्च होत राहिला की वापराचं प्रमाण चढत जातं आणि ज्यासाठी हे सगळं केलं तो स्कोर खाली येऊ शकतो. नुकत्याच कमावत्या झालेल्या माणसाला असा सल्ला देणं मला अक्षम्य वाटतं.

दुसरा सल्ला, एकदम बऱ्याच कार्डांचा. प्रत्येक अर्जामागे बँक तुमच्या रिपोर्टची चौकशी करते आणि ती चौकशी नोंदली जाते. फायकोच्या सांगण्यानुसार अशा एका चौकशीने बहुतेकांचे पाचपेक्षा कमी गुण जातात, पण ज्यांची खाती थोडी आणि इतिहास छोटा, त्यांना फटका जास्त बसू शकतो. म्हणजे मेसेज ज्यांच्यासाठी लिहिलाय, त्यांनाच तो बसणार. चार नवी खाती आली की खात्यांचं सरासरी वयही घसरतं. आणि चार बिलांच्या चार तारखा! त्यातली एक जरी चुकली तरी ३५ टक्के वजनाच्या रकान्यात डाग पडतो. भारतातल्या सिबिल या ब्युरोच्या रिपोर्टमध्ये तर महिन्यामहिन्यासमोर किती दिवसांचा उशीर झाला ते आकड्यात लिहिलेलं असतं. सुरुवातीला एक खातं पुरतं. खात्यातून बिलाची पूर्ण रक्कम आपोआप कापली जाईल अशी सोय त्याच दिवशी करून ठेवावी.

स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोर पडतो, हे साफ चूक. तुम्ही स्वतः केलेली चौकशी स्कोरमध्ये धरत नाहीत. उलट पाहिला नाहीत, तर दुसऱ्याचं कर्ज चुकून तुमच्या नावावर चढलेलं कळणार कसं?

जुनं कार्ड बंद करण्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. बंद केलं की त्याचा सगळा इतिहास त्याच दिवशी पुसला जातो, असं काही जण घाबरवतात. तसं होत नाही. अमेरिकेत नीट चालवून बंद केलेलं खातं साधारण दहा वर्षं रिपोर्टमध्ये राहतं. लगेच बदलतं ते वापराचं प्रमाण: एकूण लिमिट कमी झाली की तोच खर्च टक्केवारीत मोठा दिसू लागतो. कार्डाला वार्षिक शुल्क नसेल तर राहू द्या, अधूनमधून वापरा. शुल्क जड जात असेल तर खुशाल बंद करा.

आता पैसे घेऊन स्कोर वाढवून देणारे. सहा महिन्यांचा आकडा त्यांनी हवेतून आणलेला नाही. फायकोचा स्कोर तयार व्हायला किमान सहा महिने जुनं एक खातं लागतं. पण सहा महिन्यांत स्कोर दिसू लागणं वेगळं आणि तो उत्तम असणं वेगळं. रिपोर्टमधली खरी नोंद कोणालाही पैसे देऊन काढता येत नाही. चुकीची नोंद तुम्ही स्वतः, फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. भारत आणि अमेरिका दोन्हीकडे त्यासाठी सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. अमेरिकेत तर १९९६ च्या कायद्याने अशा कंपन्यांना काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायलाच बंदी केली. आगाऊ पैसे, ओटीपी किंवा पासवर्ड मागणाऱ्याशी तिथेच बोलणं थांबवा.

पाटी कोरी असताना पहिलं खातं द्यायलाच कोणी तयार नसतं, ही खरी अडचण. तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. नियमित पगार, बचत खातं, डेबिट कार्ड यांनी इतिहास तयार होत नाही, कारण त्यात उधारी नाही. सर्वात सरळ वाट म्हणजे ठेवीवर मिळणारं कार्ड: ठेव बँकेकडे तारण राहते, तेवढीच किंवा थोडी कमी लिमिट मिळते, आणि वापर व परतफेड साध्या कार्डासारखीच नोंदली जाते. काही देशांत यासाठीच छोटं कर्ज देतात, ज्यात रक्कम आधी अडकवून ठेवतात आणि सगळे हप्ते संपल्यावर हातात देतात. घरच्या कोणाच्या कार्डावर जोडकार्ड घेता येतं, पण त्याची नोंद तुमच्या नावावर होईलच असं नाही, आणि झाली तर त्यांचा उशीरही तुमच्याकडे येऊ शकतो. जामीनदार होणं मात्र इतिहास उभारण्याचा उपाय समजू नका; मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर वसुली तुमच्या दारात येते.

यातलं काहीही घेण्याआधी देणाऱ्याला विचारा: या खात्याची माहिती ब्युरोला नियमित जाते का, आणि कोणकोणत्या ब्युरोला? जात नसेल तर वर्षभर चोख हप्ते भरूनही तुमची पाटी कोरीच राहील.