रन म्हणजे धावणे वगैरे

‘बाबा, रन म्हणजे काय?’ सहावीतल्या लेकीनं विचारलं तेव्हा मी नुकताच घामाघूम होऊन नौपाड्यातल्या घरी पोचलो होतो. ‘धावणे,’ म्हणालो आणि पंखा पाचवर केला. इथंच फसलो.

टीचरनी ‘रन’ची दहा वाक्यं सांगितली होती, प्रत्येकात अर्थ वेगळा. पहिली चार झटपट निघाली: नाक वाहतं, साडीचा रंग जातो, मामा दुकान चालवतो, पुढारी निवडणुकीला उभा राहतो. चौथ्यावर ती अडली. ‘उभा राहतो ना? मग रन कसं?’ म्हटलं, अगं, धावतात ते अमेरिकेत; इंग्लंडात उभेच राहतात. आपल्याकडे उभे राहतात आणि निवडून आले की बसतात.

पाचवं आयतंच मिळालं. मुलुंड सोडल्यावर माझी लोकल वीस मिनिटं ढिम्म उभी होती, आणि फलाटावर उतरतो तर माइकवरची बाई गोड आवाजात सांगतेय, ‘गाड्या वीस मिनिटे उशिराने धावत आहेत.’ १६ एप्रिल १८५३ ला चौदा डबे आणि चारशे माणसं घेऊन बोरीबंदरहून ठाण्याला आली, ती पहिली गाडी धावली म्हणतात, ते समजू शकतो. तिला तीन इंजिनं होती हो!

सहाव्याला गाडं रुतलं. मोबाइलवर शोधलं, तर ऑक्सफर्डवाल्यांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ काढलेले. १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ पहिला होता, ४३० वर. त्याला यानं मागे टाकलं. हे निस्तरायला पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांना नऊ महिने गेले.

‘नऊ महिने? बाळंतपणच की!’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

‘म्हणून म्हणतो, आपली मराठी बरी,’ मी ऐटीत म्हणालो. ‘जे बोलायचं ते सरळ.’

‘ते राहू दे. पोरीला भूक लागली असेल. तुझ्या नादी लागून इकडे दूध लागलं खाली, आता पातेलं घासायला अर्धा तास लागेल.’

लेकीची पेन्सिल थांबली. ‘आजी, भूक लागली तशीच दूध लागलं?’

‘नाही गं. ते करपलं.’

‘म्हणजे नाद पण करपला?’

तेवढ्यात बायकोचा फोन. लेकीनंच उचलून स्पीकरवर टाकला. ‘सीएसएमटीला गाडी लागलीय गं, तासाभरात येते.’

‘अरे देवा,’ लेक म्हणाली. ‘आई, लिंबू नेलं नव्हतंस का?’