तळाला गेलेली हौस

घरात रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, जिवंत कोरलवाला फिशटँक आहे म्हटल्यावर येणारा प्रत्येक पाहुणा आधी क्लाउनफिश बघतो, मग कोरल बघतो, मग "हे खरे आहेत का हो?" विचारतो आणि मग चहाकडे वळतो. वाळूकडे कुणी ढुंकून बघत नाही. ती मळली की मात्र एवढे महागडे कोरल राहतात बाजूला आणि बोट थेट खाली जातं, "ते तिथे काय तपकिरी झालंय?"

झालंय ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. नवीन टँकमध्ये ते येतातच, पाण्यातलं सिलिकेट खाऊन पांढऱ्याशुभ्र वाळूवर तपकिरी थर चढवतात आणि सिलिकेट संपलं की काही आठवड्यांनी आपले आपण जातात. ते गेले म्हणून हुश्श करावं तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू, हजर. हे लालभडक, बुळबुळीत, चादरीच्या चादरी. पाइपने ओढलं की अख्खी चादर निघते, फार म्हणजे फार समाधान वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट पूर्ण चढले की नवीन चादर अंथरलेली, वर बुडबुडे. हे लोक अडीच अब्ज वर्षांपूर्वीपासून ऑक्सिजन बनवत बसलेत, न्यू जर्सीत एडिसन गावातल्या टाउनहाउसमधला एक माणूस हातात टर्की बेस्टर घेऊन उभा राहिला म्हणून ते काय घाबरणार? (हो, भाजत्या टर्कीवर रस सोडायचा तो मोठा ड्रॉपर, टर्की बेस्टर, आमच्या शुद्ध शाकाहारी घरात आहे. कोरलवरची घाण उडवायला. टर्कीने निर्धास्त राहावं.)

मग माणूस पेटतो. माशांचं खाणं कमी, पाणी बदलणं जास्त, फेसातून घाण काढणारा स्किमर फुल, फिल्टरमध्ये फॉस्फेट शोषणारे दाणे, सगळं. टेस्ट किट दाखवतं नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि आता पेढे वाटायचे तर वाळूवर तपकिरी शेंबूड, टोकाटोकाला बुडबुडे घेऊन डुलतोय. हे डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव. पाण्यात पोषणच उरलं नाही की बाकीचे स्पर्धक मरतात आणि ह्यांचं फावतं. उपाय काय, तर बाटलीतून नायट्रेट आणि फॉस्फेट विकत आणून परत टाकायचं.

हे मी आईला समजावून सांगत होतो. ती तेव्हा सहा महिन्यांसाठी डोंबिवलीहून आलेली.

"म्हणजे फार स्वच्छ ठेवलं म्हणून घाण झाली?"

"हो."

"आणि आता बाटलीतली घाण पैसे देऊन आणतोयस?"

"आई, नायट्रेट आहे ते."

"तेच ते."

तिचं म्हणणं एकच, सगळी वाळू काढ, बाथटबमध्ये खळखळून धू, उन्हात घाल, परत भर. आता तिला कसं सांगणार की त्या दीड इंच वाळूत बॅक्टेरिया आहेत, किडे आहेत, कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले बारीक बारीक क्रस्टेशियन आहेत, अमोनिया पचवायचं काम त्यातलेच काही जण करतात, वाळू धुतली तर तेही धुऊन जातील. आणि जुना, जाड थर एकदम ढवळला तर खालचं ऑक्सिजन नसलेलं काळं काळं वर येतं, त्यात हायड्रोजन सल्फाइड असू शकतं, सडक्या अंड्याचा वास आणि माशांच्या जिवाला धोका. म्हणून एका वेळी साधारण एक तृतीयांशच भाग साफ करायचा. म्हणजे तिसरा भाग चकाचक होईपर्यंत पहिला परत मळलेला. हे म्युनिसिपालटीचं रस्त्यांचं काम आहे, कधी पूर्ण झालं असं होतच नाही.

प्रत्यक्ष काम असं. खांद्यापर्यंत हात पाण्यात, सायफनची रुंद नळी वाळूत खुपसायची, वाळू नळीत उसळते, हलकी घाण वर चढून बादलीत जाते आणि वाळू पण मागोमाग निघाली की पाइप चिमटीत धरून तिला खाली पाडायचं. बारीक वाळू घेतलेली असेल तर ती चिमटीबिमटी मानत नाही, सरळ बादलीत. जाड घेतली तर घाण फटीत अडकते. मधल्या आकाराची घ्या, असं सगळे सांगतात, मधल्या आकाराची घेतली तर दोन्ही होतं. वर वेव्हमेकर, म्हणजे लाटा उठवणारा पंप, एका कोपऱ्यात टेकडी रचतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात काच उघडी पाडतो. शेवटी काच पुसायच्या मॅग्नेटखाली एक, फक्त एक कण अडकतो आणि काचेवर डोळ्यांसमोरच कायमची रेघ. हे सगळं चालू असताना बायको सोफ्यावरून म्हणते, "माशांच्या वाळूला व्हॅक्यूम, आणि आमचं कार्पेट?" ह्याला उत्तर नाहीये.

मग वाटतं माणसं, म्हणजे प्राणी, कामाला ठेवू. नॅसेरियस गोगलगायी वाळूत पुरून घेतात, खायला पडलं की सोंडा वर काढून चहूबाजूंनी निघतात, खाऊन परत गडप. शेवाळाला तोंड लावत नाहीत. डायमंड गोबी हा मासा खरा कष्टाळू, तोंडात वाळूचा तोबरा भरतो, त्यातलं खाण्यासारखं ठेवून बाकीची कल्ल्यांतून सोडतो, वाळू पांढरी फटक. फक्त ती सोडायला त्याला टँकमधली सगळ्यात महागड्या कोरलच्या डोक्यावरचीच जागा आवडते. वाळू चाळणारा स्टारफिश दुकानदार फार आग्रहाने देतात, मी घेत नाही, तो वाळूतले सगळे जीव खाऊन टाकतो आणि मग लहान टँकमध्ये स्वतः उपाशी मरतो. फायटिंग काँच हा समुद्री गोगलगायीचा प्रकार मात्र गुणी. नाव भांडकुदळ, पण दिवसभर मान खाली घालून वाळूवरचा थर चरतो, मधूनच दांड्यांवरचे दोन डोळे वर करून बघतो. आईने त्याला बघितलं आणि टँकबद्दलचं तिचं मतच बदललं. "अरे, शंख आहे हा!" आपल्या देवघरातला शंख वेगळ्या जातीचा, पण मी गप्प बसलो, कारण त्या दिवसापासून वाळू बाथटबमध्ये नेण्याचा विषय बंद झाला. देवाचा माणूस तिथे राहतो म्हटल्यावर प्रश्नच नाही.

वाळूच नको, उघडी काच ठेवा, असंही सुचवतात. सोपं आहे, मान्य. पण माझा पिवळा रास मासा लाइट बंद झाले की वाळूत घुसून झोपतो, त्याची गादी काढून घेऊ का मी? आणि शिवाय ते रीफ वाटत नाही, डेंटिस्टच्या वेटिंग रूममधला टँक वाटतो.

तर आता माझं धोरण साधं आहे. पाहुण्यांसाठी म्हणून वाळू साफ करायची नाही. परवाच एक जोडपं हवाईहून आलेलं, पांढऱ्या वाळूत अनवाणी काढलेले फोटो दाखवून झाले आणि मग ताई टँकपाशी वाकून म्हणाल्या, "तुमची जरा मळकी नाही का वाटत?" मी म्हटलं, वाटते ना, आणि तुमच्या बीचवरची ती वाळू आहे ना, तिच्यातली बरीचशी पॅरटफिशची शी असते. तो मासा चोचीसारख्या दातांनी मेलेल्या कोरलचा दगड शेवाळासकट खरवडून खातो, घशात दळतो आणि मागून वाळू सोडतो, मोठा असेल तर एकटा वर्षाला शेकडो किलो.

ताईंनी फोन पर्समध्ये ठेवला. त्यांच्या मिस्टरांनी मात्र समोसा खाता खाता विचारलं, "तुमच्याकडे आहे का तो मासा?"