डिस्चार्जनंतर दुसऱ्या दलात? त्या मेसेजमधलं खरं-खोटं

आमच्या सातारा भागातल्या भरतीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "अग्निवीराची चार वर्षं संपली तरी चिंता नको. कागदपत्रं घेऊन नौदलात किंवा हवाई दलात जा. जुन्या हुद्द्यावर घेतात, आधीची वर्षं पेन्शनला धरतात. नाहीच जमलं तर निमलष्करी दलात दहा टक्के जागा आहेत, परीक्षा नाही." पहाटे माझ्याकडे मैदानावर येणाऱ्या पोरांपैकी दोघांनी यावर विसंबून पुढचा बेत आखलाय, म्हणून लिहितो.

आधी वयाचं बघू. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना, म्हणजे अग्निवीरांची चार वर्षांची भरती, जाहीर झाली तेव्हा तिन्ही दलांत भरती व्हायचं वय साडेसतरा ते एकवीस होतं. पहिल्या वर्षापुरती तेवीसपर्यंत सूट मिळाली. आता बोटांवर मोजा. अगदी साडेसतराव्या वर्षी लागलेला मुलगासुद्धा बाहेर पडताना साडेएकवीसचा असतो आणि आपली बहुतेक पोरं एकोणीस-विसाव्या वर्षी लागतात. एखाद्या भरतीत अट वर्षभराने सैल झाली तरी त्यांना तिचा उपयोग नाही. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पेन्शनीवर आलेल्या जवानाचा तर प्रश्नच उरत नाही.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते, माझ्या मामेभावासारख्या माणसांकडे बघून. मराठा लाइट इन्फंट्रीतून तो हवालदार म्हणून पेन्शनीवर आला, वर्षभरात पुन्हा वर्दी चढवली आणि आज हवाई दलाच्या एका तळावर पहारा देतो. गावात सगळे म्हणतात, दादा एअरफोर्समध्ये गेला. तो गेलेला नाही. तो डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डीएससीत आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये उभी राहिलेली ही कोअर भूदलाचीच, तिचं केंद्र केरळात कन्नूरला. काम मात्र तिन्ही दलांच्या आस्थापनांची राखण. माणूस विमानांजवळ उभा दिसतो, पण त्याची नोकरी भूदलातलीच. टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे भूदलाच्याच राखीव सेनेच्या, पर्यावरण तुकड्यांचंही तसंच. छत्रपती संभाजीनगरला माजी सैनिक वर्दीत झाडं लावतात, ते वन खात्यात गेलेले नाहीत.

डीएससीचं दारही सगळ्यांना उघडं नाही. मेडिकल कॅटेगरी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, लागते, डिस्चार्ज बुकातला चारित्र्याचा शेरा चांगला लागतो.

जुना हुद्दा? मामेभावाने तीन फिती उतरवल्या आणि शिपाई म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी तो फोनवर फार बोलला नाही. हवालदार असो वा नाईक, सीआरपीएफमध्ये कॉन्स्टेबल म्हणून गेला तर तो कॉन्स्टेबलच असतो.

पेन्शनचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यावर घरचे कर्ज काढतात. शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात. अग्निवीराला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. मिळतो तो सेवानिधी, म्हणजे चार वर्षांनंतरची एकरकमी रक्कम, व्याजासकट साधारण ११.७१ लाख रुपये, आणि त्यातला निम्मा त्याच्याच पगारातून कापलेला असतो. डीएससीत दुसरी पेन्शन मिळते ती तिथे वेगळी १५ वर्षं भरल्यावर.

दहा टक्क्यांची गोष्ट मात्र खरी आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं आणि आसाम रायफल्समध्ये २०२२ मध्येच तेवढं आरक्षण जाहीर झालं; बीएसएफमध्ये तर डिसेंबर २०२५ मध्ये ते पन्नास टक्के केलं. वयात तीन वर्षं सूट, पहिल्या तुकडीला पाच. तटरक्षक दलातही आरक्षण आहे. बीएसएफ, सीआयएसएफमध्ये धावण्याच्या चाचणीतून सुटका आहे. लेखी परीक्षा आणि मेडिकल मात्र द्यावीच लागते. आणि आरक्षण म्हणजे राखीव जागा, नेमणुकीचं पत्र नव्हे. जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात राहणार, उरलेले सगळे याच जागांकडे धावणार. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला भरतात.

मेसेजमध्ये नसलेला एक रस्ता आहे, तो नोकरीत असतानाच बांधावा लागतो. नियमित सेवेतल्या जवानासाठी आर्मी कॅडेट कॉलेज आहे. १९६० पासून १९७७ पर्यंत ते आपल्या पुण्यात होतं, आता डेहराडूनला. दोन वर्षांची सेवा आणि वीस ते सत्तावीस वय असलेला नौदलाचा किंवा हवाई दलाचा माणूसही तिथून भूदलाचा अधिकारी होतो. एका दलातून दुसऱ्यात जाणं म्हणतात ते हे! अग्निवीरासाठी इग्नूची तीन वर्षांची पदवी आहे, तिचे निम्मे गुण-श्रेयांक प्रशिक्षणातूनच मिळतात. पदवी असेल तर सीडीएस, म्हणजे सैन्यात थेट अधिकारी व्हायची परीक्षा देता येते.

त्या दोघांपैकी एक आज वीस वर्षं दोन महिन्यांचा आहे. यंदा लागला तर बाहेर पडताना चोवीस ओलांडलेला असेल. सीडीएसमधून ओटीएला, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, जायची वयोमर्यादा पंचवीस. म्हणजे त्याच्या हातात जेमतेम एक परीक्षा राहील, तीही पदवी पूर्ण झाली असेल तरच.