काउन्सिल टॅक्सची थकबाकी बेलिफकडे गेली? तो फॉरवर्ड बाजूला ठेवा आणि पत्र उघडा

काउन्सिल म्हणजे इथली स्थानिक पालिका, काउन्सिल टॅक्स म्हणजे तिचा घरावरचा कर आणि बेलिफ म्हणजे थकबाकी वसूल करायला येणारा माणूस. इंग्लंडमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर याबद्दल एक सल्ला वारंवार फिरतो. त्याचा मथितार्थ असा: ‘काउन्सिल टॅक्सची बाकी बेलिफकडे गेली की काउन्सिलच्या हातात काही उरत नाही. म्हणून कोणाशी बोलू नका, पत्रं उघडू नका, दार उघडू नका. बेलिफ आत आला नाही तर तो काहीच करू शकत नाही. दार उघडलंत तर घर रिकामं करतील किंवा जेलमध्ये टाकतील. मुळात तुम्ही काउन्सिलशी करार केलेला नाही, त्यामुळे हा कर लागूच होत नाही. सहा वर्षं काढा, सगळं आपोआप रद्द होतं.’

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीच्यांवर विश्वास बसतो. हा सल्ला ऐकून गप्प राहणाऱ्या माणसाची बाकी वाढत जाते आणि ती थांबवण्याचे दिवस हातातून जातात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘काउन्सिलच्या हातात काही उरत नाही’

चूक. बाकी काउन्सिलची असते आणि काउन्सिलचीच राहते. बेलिफ कंपनी तिच्या वतीने वसुली करते, कर्ज विकत घेत नाही. काउन्सिल ठरवेल तेव्हा प्रकरण परत मागवू शकते, हप्ते बांधून देऊ शकते, पगारातून किंवा सरकारी भत्त्यातून कपात करण्याचा मार्ग घेऊ शकते. फोनवर ‘आता बेलिफशीच बोला’ असं उत्तर मिळतं हे खरं, पण ते शेवटचं उत्तर नव्हे. घरात आजारपण असेल, बाळंतपण नुकतंच झालं असेल, नोकरी गेली असेल, तर ते ईमेलने लेखी कळवा आणि प्रकरण परत घ्या अशी स्पष्ट मागणी करा. बेलिफ वाईट वागला तरी त्याची जबाबदारी काउन्सिलवर येते. आधी काउन्सिलकडे तक्रार करायची, तिथे दाद मिळाली नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी यंत्रणा) जायचं. त्याला पैसे पडत नाहीत.

‘पत्रं उघडू नका’

संपूर्ण मेसेजमध्ये सर्वांत महागात पडणारा सल्ला हाच आहे. लाएबिलिटी ऑर्डर (बाकी वसूल करायला कोर्टाने दिलेला आदेश) झाल्यावर बेलिफकडून पहिलं येतं ते ‘नोटीस ऑफ एन्फोर्समेंट’, म्हणजे वसुलीची नोटीस. प्रकरण त्यांच्याकडे आलं की ७५ पौंड फी लागते. ती नोटीस आल्यापासून किमान ७ पूर्ण दिवस त्यांना थांबावं लागतं, आणि त्यात रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत. या दिवसांत रक्कम भरली किंवा हप्ते ठरवून घेतले तर खर्च तिथेच थांबतो. गप्प राहिलात आणि बेलिफ घरी आला, की आणखी २३५ पौंड चढतात. तो आत आला की नाही, तुम्ही घरात होतात की नाही, याने काही फरक पडत नाही. बाकी १५०० पौंडांवर असेल तर वरच्या रकमेच्या साडेसात टक्के वेगळे. सामान विक्रीसाठी नेण्याची वेळ आली तर पुन्हा ११० पौंड. हे आकडे २०१४ पासून लागू झालेल्या फी-नियमांतले आहेत. तुमच्या नोटिशीवर छापलेला आकडा नियमाशी ताडून पाहा, आणि जास्त लावला असेल तर हिशोब लेखी मागा.

समजा ६०० पौंड बाकी होती. नोटिशीच्या दिवशी ती ६७५ असते. पहिल्या फेरीनंतर ९१०. मधल्या काळात पाकीट फ्रिजवर तसंच पडलेलं असतं.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण लोक करतात: फक्त मूळ रक्कम काउन्सिलच्या वेबसाइटवर भरून मोकळं होतात. फी मात्र तशीच उरते आणि तिच्यासाठी बेलिफ पुन्हा येऊ शकतो.

‘दार उघडू नका, मग ते काहीच करू शकत नाहीत’

हेच ते अर्धं खरं वाक्य. काउन्सिल टॅक्सच्या वसुलीत बेलिफला पहिल्यांदा जबरदस्तीने घरात शिरता येत नाही. कुलूप तोडता येत नाही, तुम्हाला ढकलून आत जाता येत नाही, दारात पाय अडकवता येत नाही, खिडकीतून चढता येत नाही. सकाळी ६ ते रात्री ९ हीच त्यांची वेळ. टीव्हीवर दिसतात ते बहुतेक हायकोर्टाच्या आदेशावर काम करणारे अधिकारी. त्यांची कामं वेगळी, अधिकारही वेगळे. तेव्हा त्याला आत घेऊ नका, हे बरोबर. पण पुढे काय?

पुढे गाडी. दारात किंवा रस्त्यावर उभी असलेली तुमची गाडी जप्त करायला घरात यावं लागत नाही. फायनान्सवरची गाडी किंवा ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) असलेल्या अपंग व्यक्तीच्या वापराची गाडी सहसा नेता येत नाही, पण त्याची कागदपत्रं तुम्हालाच दाखवावी लागतात.

आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. मुलगा-सून कामावर, घरी भारतातून आलेले आई-बाबा. दारावर शर्टावर ओळखपत्र लावलेला माणूस नीट बोलतो, बाबा त्याला आत घेतात, बसायला सांगतात. तो शांतपणे आत येतो, टीव्ही, लॅपटॉप, सोफा असं काही लिहून घेतो. संध्याकाळी मुलासमोर ‘कंट्रोल्ड गुड्स अ‍ॅग्रीमेंट’, म्हणजे लिहून घेतलेलं सामान घरातच ठेवून हप्ते भरण्याचा करार, सहीसाठी येतं. त्यावर सही झाली आणि हप्ता चुकला, तर पुढच्या वेळी तो नोटीस देऊन जबरदस्तीने आत येऊ शकतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: आत घ्यायचं नाही, ओळखपत्र बंद दारातून किंवा खिडकीतून बघायचं, ‘लेखी कळवतो’ एवढंच म्हणायचं. घरात १६ वर्षांखालची मुलंच असतील तर त्याने आत येणं नियमाबाहेर आहे.

‘घर रिकामं करतील’

नाही. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशिन, स्वयंपाकाची शेगडी किंवा मायक्रोवेव्ह, जेवणाचं टेबल-खुर्च्या, फोन अशा रोजच्या वस्तू नेता येत नाहीत. कामाची साधनं एकूण १३५० पौंडांपर्यंत सुरक्षित असतात. दुसऱ्याच्या मालकीची वस्तूही नेता येत नाही. पण टीव्ही, दागिने, गाडी यांना हे संरक्षण नाही.

‘जेलमध्ये टाकतील’

काउन्सिल टॅक्स वसुलीच्या १९९२च्या नियमांत इंग्लंडमध्ये तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. पण बेलिफ तुम्हाला जेलमध्ये पाठवत नाही. त्यासाठी मॅजिस्ट्रेटसमोर तुमच्या उत्पन्नाची चौकशी व्हावी लागते आणि पैसे असूनही तुम्ही जाणूनबुजून दिले नाहीत किंवा अक्षम्य हलगर्जी केली असं सिद्ध व्हावं लागतं. पैसे नसणं हा गुन्हा नाही. वेल्सने तर १ एप्रिल २०१९ पासून ही तरतूदच काढून टाकली. दारात उभं राहून ‘अटक होईल’ असं कोणी बजावत असेल, तर त्याचे शब्द आणि वेळ लिहून ठेवा, तक्रारीत उपयोगी पडतं.

‘करार नाही म्हणून कर नाही’ आणि ‘सहा वर्षांनी रद्द’

पहिल्याला एकच उत्तर: हा कर १९९२च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स अ‍ॅक्टने लागू होतो, त्याला कोणाची सही लागत नाही. दुसऱ्यात सहा वर्षांचा नियम खरा आहे, पण तो लाएबिलिटी ऑर्डर मागण्याच्या मुदतीचा. ऑर्डर एकदा मिळाली की त्यावर बेलिफ पाठवायला ती मुदत आड येत नाही.

मेसेजमध्ये जे नाहीच

एवढ्या लांबलचक सल्ल्यात एकदाही कोणी विचारत नाही की ही रक्कम मुळात बरोबर आहे का. घरात एकटेच प्रौढ राहत असाल तर २५ टक्के सवलत असते, आणि ती मागील काळासाठीही मागता येते. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर माफ. घर सोडल्यावरही जुन्या पत्त्याचं बिल चालू राहिलं असेल तर ते दुरुस्त करून घ्या. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सार्वजनिक निधीतून मदत घेता येणार नाही ही अट) असेल तर जपून: कमी उत्पन्नासाठीची काउन्सिल टॅक्स रिडक्शन सार्वजनिक निधीत मोडते, ती मागू नका. एकट्याची २५ टक्के सवलत मात्र त्यात मोडत नाही, ती बिनधास्त मागा. भीतीपोटी ही सवलत सोडून देणारे लोक आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आणि खरंच पैसे नसतील, तर ४ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘ब्रीदिंग स्पेस’ आहे. कर्ज सल्लागाराच्या मार्फत अर्ज मंजूर झाला की ६० दिवस बेलिफची कारवाई आणि नवी फी दोन्ही थांबतात. चालू महिन्याचा कर मात्र भरत राहावा लागतो. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, स्टेपचेंज आणि नॅशनल डेटलाइन या सल्ला देणाऱ्या संस्था यासाठी फुकट मदत करतात. त्यांना फोन करताना नोटीस समोर ठेवा, कारण तिच्यावरची तारीख आणि संदर्भ क्रमांक ते सर्वांत आधी विचारतील.