‘उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवा’ हा सल्ला पाळू नका

ऊन तापायला लागलं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही घरच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या अशा सगळ्या गटांवर तो येऊन गेला. मजकूर साधारण असा: ‘समृद्धीने जाणाऱ्यांनी लक्ष द्या. सिमेंटचा रस्ता तापतो म्हणून टायर फुटतात. उन्हाळ्यात हवा गरम होऊन फुगते, त्यामुळे कंपनीने सांगितल्यापेक्षा पाच पॉइंट कमी हवा भरा. नायट्रोजन भरला तर टायर फुटतच नाही, विमानातही तोच असतो. टाकी फुल करू नका, स्फोट होतो, इंडियन ऑइलनेच इशारा दिलाय. दोनच टायर नवीन घेणार असाल तर पुढे टाका. आणि टायर फुटलाच तर ताबडतोब ब्रेक दाबा. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.’

पाठवणारी माणसं आपलीच असतात आणि काळजीपोटीच पाठवतात. म्हणून दुर्लक्ष करण्यापेक्षा एकेका मुद्द्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं. यातले काही मुद्दे नुसतेच चुकीचे आहेत. हवा कमी करण्याचा आणि ब्रेक दाबण्याचा हे दोन सल्ले मात्र जिवावर बेतू शकतात.

‘सिमेंटचा रस्ता तापतो म्हणून टायर फुटतात’

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि टायर फुटल्याच्या बातम्यांबरोबर सिमेंटला दोष देणंही सुरू झालं. पण काळं डांबर ऊन जास्त शोषतं. भर दुपारी एकाच गावातला डांबरी रस्ता सिमेंटच्या रस्त्यापेक्षा सहसा जास्तच तापलेला असतो. रस्त्याची उष्णता टायरला लागते हे खरं, पण ती डांबरावरही लागते.

समृद्धीवर वेगळी गोष्ट आहे ती सलग वेगाची. जुन्या रस्त्याने जालन्याहून मेहकर, कारंजा करत नागपूरला जाताना दर थोड्या अंतरावर गाव लागायचं, गतिरोधक यायचा, ट्रकमागे अडकायला व्हायचं. टायरला तेवढीच उसंत मिळायची. इथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि लोक दोन-दोन तास पाय न उचलता जातात. लहान कारच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या आतच असतो. म्हणजे १२० च्या वेगाला चाक मिनिटाला हजाराहून जास्त फेरे मारतं. प्रत्येक फेऱ्यात टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो, बाजूची भिंत वाकते आणि लगेच पुन्हा ताठ होते. या वाकण्यातून रबरात उष्णता तयार होते. टायर मुख्यतः असा आतून तापतो. बाहेरचं ऊन त्यात भर घालतं.

एवढं लक्षात घेतलं की पुढचा सल्ला किती उलटा आहे ते कळतं.

‘पाच पॉइंट कमी भरा’

हवा कमी असली की टायर जास्त दबतो, भिंत जास्त वाकते आणि टायर जास्त तापतो. तापमान वाढत गेलं की आतल्या स्टीलच्या पट्ट्या आणि रबर यांच्यातली पकड सुटत जाते. शेवटी एखादी पट्टी सुटते किंवा भिंत फाटते. तो धमाका ऐकून आपण म्हणतो, हवा जास्त झाली होती. खरं कारण बहुतेक वेळा नेमकं त्याच्या उलट असतं.

हवा तापल्यावर दाब वाढतो हे बरोबर आहे. किती वाढतो ते पाहू. सकाळी ३० अंशाला ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक, मेसेजमधला ‘पॉइंट’ तो हाच) हवा भरली आणि दुपारी महामार्गावर आतली हवा ७० अंशांपर्यंत तापली, तर दाब साधारण ३९ होतो. सहा पीएसआयची ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेली असते. गाडीच्या दारापाशी स्टिकरवर दिलेला हवेचा आकडा ‘थंड टायर’साठी असतो तो म्हणूनच. कारच्या टायरच्या भिंतीवर कमाल दाब छापलेला असतो, तो बहुधा ४४ किंवा ५१ असतो, आणि तोही थंड टायरचाच.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वाटेतल्या पंपावर. जेवायला थांबल्यावर कुणाला तरी मेसेज आठवतो, गाडी हवेच्या मशीनपाशी लागते. मशीन ३९ दाखवतं. ‘अरे बापरे, किती वाढलीय,’ म्हणून मुलगा वॉल्व्ह दाबून ती ३३ वर आणतो. त्या क्षणी आकडा बरोबर दिसतो. पण रात्री टायर थंड झाला की तोच दाब २७-२८ वर येतो, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं कुटुंब आणि लग्नाच्या बॅगा घेऊन परतीचा प्रवास त्या अर्धवट हवेवर होतो. तापलेल्या टायरमधून हवा कधीही काढू नये. हवा मोजायची ती सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चालल्यावर.

कमी हवेवर धावलेला टायर आतून कसा होतो ते पाहायचं असेल तर पंक्चरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहावं. तो टायर रिमवरून उतरवून उलटा झटकला की आतून काळी भुकटी पडते, काजळीसारखी, हाताला चिकटणारी. ती त्या टायरचीच झिजलेली आतली भिंत असते. आत हात फिरवला तर सगळ्या घेराभर एक खरखरीत पट्टा लागतो. बाहेरून तोच टायर चांगला दिसतो, नक्षीही भरपूर असते. जाणता पंक्चरवाला असा टायर दुरुस्त करायला नकार देतो. त्याचं ऐकावं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला लागत होते. धावताना टायरचा वरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा विभागाने २७० हून अधिक मृत्यूंचा संबंध त्या टायरांशी जोडला. टायरच्या बांधणीत दोष होते हे चौकशीत दिसलं. पण फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआय हवा सांगितली होती, आणि प्रकरण चिघळल्यावर फायरस्टोनने ३० भरायला सांगितलं. अपघात जास्त झाले ते टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया या उष्ण राज्यांत. कमी हवा, ऊन, भार आणि वेग एकत्र आले की टायरमधला दोष कसा उघडा पडतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. आपला मेसेज त्यातल्या पहिल्या गोष्टीची आपल्याला शिफारस करतो.

मग हवा किती भरायची? ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, एक स्टिकर असतो. त्यावर बहुधा दोन ओळी असतात: एक-दोन माणसांसाठी एक, आणि गाडी पूर्ण भरलेली असताना दुसरी. दुसऱ्या ओळीत मागच्या चाकांचा आकडा बऱ्याचदा मोठा असतो. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन निघताना हीच ओळ पाळायची. पंपावरच्या मुलाने ‘किती टाकू?’ विचारल्यावर ‘टाक तीस-तीस’ म्हणायची सवय सोडायला हवी. स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा जास्त भरा, असं मी मुळीच म्हणत नाही. जास्त हवेने पकड कमी होते, टायर मधून घासतो आणि खड्ड्यात आदळला की फाटू शकतो. पंपावरच्या गेजवर फार भरवसा ठेवू नये, स्वतःचं छोटं गेज गाडीत ठेवावं. आणि स्टेपनीची हवाही बघावी, ती वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

‘नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही’

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापल्यावर दाब वाढण्याचा नियम कोरड्या हवेला आणि नायट्रोजनला एकच लागू होतो, त्यामुळे ३३ चे ३९ नायट्रोजनमध्येही होतात. त्याचे फायदे खरे आहेत, पण लहान आहेत. तो कोरडा असतो आणि रबरातून थोडा सावकाश झिरपतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने ३१ प्रकारच्या टायरांच्या जोड्या वर्षभर ठेवून पाहिल्या. साध्या हवेच्या टायरमधून सरासरी ३.५ पीएसआय दाब गेला, नायट्रोजनच्या टायरमधून २.२. म्हणजे फरक वर्षाला जेमतेम सव्वा पीएसआयचा.

विमानाची गोष्ट वेगळी आहे. उतरताना ब्रेक प्रचंड तापतात, आणि त्या उष्णतेत टायरच्या आत ऑक्सिजन असला तर रबरातून निघणाऱ्या वायूंचा भडका उडू शकतो. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकोत मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ कोसळून १६७ जण गेले. उड्डाणाआधीच तापलेल्या ब्रेकमुळे चाकाच्या खोबणीत टायरचा स्फोट झाला होता, आणि त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. कारचे ब्रेक आणि टायर त्या अवस्थेला पोहोचत नाहीत.

नायट्रोजन भरायला माझा विरोध नाही, परवडत असेल तर भरा. धोका आहे तो त्यातून येणाऱ्या बिनधास्तपणाचा. ‘आपल्यात नायट्रोजन आहे’ म्हणून सहा-सहा महिने हवा न बघणारे लोक मला माहीत आहेत. वाटेत नायट्रोजन मिळाला नाही तर साधी हवा टाकावी, दोन्ही एकत्र चालतात. नायट्रोजनचं मशीन शोधत कमी हवेवर पुढे जाऊ नये.

‘टाकी फुल केली तर स्फोट होतो’

हा इशारा इंडियन ऑइलच्या नावाने बरीच वर्षं फिरतोय, आणि तो आपला नाही हे कंपनीने स्वतः जाहीर केलं आहे. गाडी बनवणारे हवामानाचा विचार करूनच टाकी बनवतात, त्यामुळे सांगितलेल्या मर्यादेपर्यंत इंधन भरणं उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखंच सुरक्षित आहे, असा त्या खुलाशाचा आशय होता.

पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. ४० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर पाऊण-एक लिटरची वाढ होईल, आणि तेवढी जागा टाकीत मुद्दाम सोडलेली असते. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं. उन्हात उभ्या गाडीची टाकी त्याच्या आसपासही जात नाही. पाळायचं एवढंच, की नोझल ‘टक्’ करून आपोआप बंद झालं की थांबायचं. पैसे राउंड करायला आणखी थोडं ठासून भरलं तर पेट्रोल वाफेच्या नळीतून, टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि तो डबा निकामी होतो.

गाड्या कशामुळे पेटतात ते बघायचं असेल तर बाहेरून जोडलेली वायरिंग बघा: कापून जोडलेले हॉर्न, जास्त वॅटचे दिवे, फ्यूजशिवाय ओढलेली ॲम्प्लिफायरची तार. सीएनजी किट असेल तर त्याची तपासणी वेळेवर करा.

‘नवीन टायर पुढे टाका’

ही समजूत काही दुकानांतही आहे. पुढे इंजिन, स्टीअरिंग आणि बहुतेक गाड्यांत ओढही पुढच्या चाकांवर, म्हणून चांगले टायर पुढे हवेत असं वाटतं. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की पुन्हा ऐकते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि तिला सावरणं सामान्य चालकाच्या हातात राहत नाही. म्हणून दोनच घेणार असाल तर नवीन मागे आणि मागचे चांगले टायर पुढे.

विकत घेताना भिंतीवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. पण कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाला दाखवावा. भिंतीवर बारीक भेगा किंवा एखादा फुगा दिसला तर वाट बघू नये. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटलेले आहेत, तो टायर महामार्गावर न्यायचाच नाही.

‘टायर फुटला की ताबडतोब ब्रेक दाबा’

मेसेजमधली ही सगळ्यात धोकादायक ओळ आहे. फुटलेलं चाक गाडीला आपल्या बाजूला ओढतं. त्यात जोरात ब्रेक लागला की सगळं वजन पुढे येतं. मागचा टायर गेला असेल तर गाडीची शेपूट बाहेर पडते, पुढचा असेल तर गाडी त्याच बाजूला झपकन वळते.

स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गाडी आपल्या लेनमध्ये सरळ ठेवा. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचला, एकदम नाही. वेग आपोआप उतरू द्या, ओढ बसते तेवढंच हलकं उलटं धरा, झटका देऊ नका. गाडी पूर्ण ताब्यात आल्यावर हलक्या ब्रेकने, इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या. रिमवर थोडं चालवावं लागलं तरी चालेल, रिम गेली तर गेली. भर लेनमध्ये उभं राहू नका.

बाजूला थांबल्यावर चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा आणि त्रिकोण बराच मागे ठेवा. उजव्या बाजूचा टायर गेला असेल आणि गाडीला खेटून भरधाव वाहनं जात असतील, तर स्टेपनी स्वतः बदलायला बसू नका. मदतीची गाडी बोलवा आणि ती येईपर्यंत रेलिंगपलीकडेच थांबा.